कढीपत्त्याचा पार खराटा झालाय, वाचेल का? (थंडीत घरात ठेवलेली कुंडी)

न्यू जर्सीत, एडिसनजवळ राहते. चार वर्षांपूर्वी पेन्सिलीएवढं रोप आणलं होतं, आता माझ्या खांद्याला लागतं. उन्हाळ्यात पॅटिओवर असतं आणि असं फुटतं की शेजारणी फोडणी टाकायच्या आधी आमची बेल वाजवतात. थंडीत आत घेतलं की दरवर्षी थोडी पानं गळतातच, त्याचं काही वाटत नाही. यंदा मात्र खराटाच उरलाय.

ऑक्टोबरच्या मध्यावर, रात्री ४५ फॅरनहाइटच्या (साधारण ७ सेल्सिअस) घरात जायला लागल्यावर कुंडी आत आणली. पॅटिओच्या काचेच्या दारापाशी ठेवली, ऊन तेवढं तिथेच येतं. दिवाळीनंतर खालची पानं पिवळी पडायला लागली. हिटरने हवा कोरडी होते, तहानलं असेल, म्हणून रोज तांब्याभर पाणी घालायला लागले. गळती थांबेना. मग वाटलं मुळांना जागा पुरत नसेल, म्हणून थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत मोठ्या कुंडीत हलवलं. वर मूठभर खत. आई व्हिडिओ कॉलवर बघून म्हणाली, "अगं, आंबट ताक घाल, आपल्याकडचा बघ कसा माजलाय." साताऱ्याच्या अंगणातल्या झाडाला खरंच ताकच मिळतं. तेही दोनदा घातलं. आता कुंडीला आंबूस वास येतो आणि चिलटं घोंगावतात. आईला हे अजून सांगितलेलं नाही.

आज शेंड्याला मोजून नऊ देठांवर पानं आहेत, हात लावला की तीही खाली येतात. आणि एक, संबंध आहे की नाही माहीत नाही: कुंडीभोवतीची फरशी चिकट लागते. मुलांनी ज्यूस सांडला म्हणून मी दोनदा पुसली आणि ओरडलेसुद्धा.

दुसरी मोठी कुंडी घेऊ? लाइट लावू? की आशा सोडू?

प्रतिसाद (ठाण्याहून)

ताई, आशा सोडायच्या आधी नखाने खोडाची साल जराशी खरवडा. शेंड्यापासून सुरू करून खाली या. आत ओलसर हिरवं दिसलं तर झाड जिवंत आहे. तपकिरी, सुकं लागलं तर तेवढा भाग गेला. ताकाबद्दल आईंना दोष देऊ नका, इथे उन्हात, झाड जोरात वाढत असताना, तेही भरपूर पातळ करून घातलं तर चालून जातं. तुमच्याकडे बंद घरात, गार मातीत ते नुसतं नासणार.

प्रतिसाद (टोरांटोहून)

माझ्याकडे दोन कढीपत्ते असेच गेलेत, म्हणून जरा लांबण लावतो.

तुमच्याकडे तीन भानगडी एकात एक अडकल्या आहेत. पहिली भानगड नाहीच मुळी: १० सेल्सिअसच्या खाली गारठा लागला की कढीपत्ता पानं टाकून झोपी जातो. खोली उबदार असली तरी रात्री काचेजवळ गारच असतं. झोपू द्यायचं. तुम्ही त्याला उठवून जेवायला वाढलंत, गोंधळ तिथे झाला. पानंच नाहीत तर झाड पाणी ओढणार कशाने? वर कुंडी मोठी, म्हणजे मुळं पोचलेली नाहीत अशी माती जास्त, आणि ती आठवडेच्या आठवडे ओली. मुळं कुजतात. कुजलेलं मूळ पाणी घेत नाही, म्हणून झाड तहानल्यासारखंच दिसतं, आणि आपण आणखी ओततो.

आता फरशी. मुलांची माफी मागा. ती खवले कीड आहे. पानाच्या मधल्या शिरेवर आणि कोवळ्या फांदीवर तपकिरी, चपटे, तिळासारखे ठिपके दिसतील. नखाने उचकटून निघाले तर तीच. रस शोषते आणि चिकट गोड पाणी टाकते. रबिंग अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाने एकेक पुसून काढा. मग लिटरभर कोमट पाण्यात चमचाभर नीमतेल आणि भांड्यांच्या साबणाचे दोन-चार थेंब घालून फवारा, आठवड्याने पुन्हा. मातीत घालून झाडभर भिनणारी औषधं दुकानात मिळतात, ती घेऊ नका. हे झाड आपण खातो.

तातडीचं काम म्हणजे कुंडी उपडी करून मुळं बघा.

प्रतिसाद

एवढा खटाटोप कशाला? फ्लोरिडात कुणी ओळखीचं असेल तर नवं रोप मागवा की.

प्रतिसाद (टोरांटोहून)

ते कृपा करून करू नका. कढीपत्ता लिंबू-संत्र्याच्याच कुळातला. संत्र्याच्या बागा उठवणारा ग्रीनिंग रोग ज्या किडीमुळे पसरतो ती कढीपत्त्यावर आवडीने राहते. फ्लोरिडात हा रोग २००५ मध्ये सापडला. तिथून रोपं बाहेर न्यायला निर्बंध आहेत.

धागाकर्ती

कुंडी उपडी केली. वासाने नवरा खोलीतून निघून गेला. निम्मी मुळं काळी, ओढली की साल हातात आणि आत दोरा. पण बुंध्याजवळची पांढरट आणि घट्ट आहेत. साल खरवडली, वरची वीतभर गेलीय, त्याखाली हिरवं! ठिपकेही सापडले, मला ते सालीचाच भाग वाटत होते. मुलांना आइस्क्रीम कबूल केलंय. आता छाटू का?

प्रतिसाद (टोरांटोहून)

काळी मुळं कात्रीने काढा. वरची मेलेली वीत तेवढी कापा, बाकी छाटणी फुटवा आल्यावर. जुन्याहूनही लहान, मातीची, तळाला भोक असलेली कुंडी घ्या. पॉटिंग मिक्समध्ये एक तृतीयांश पर्लाइट (माती मोकळी ठेवणारे पांढरे, हलके खडे) घाला. खत नको. काचेपासून हातभर आत, पण हिटरच्या झोतात नाही. लाइट लावलात तर चांगलंच. बोटाची दोन पेरं आत कोरडं लागेपर्यंत पाणी नाही, मग तीन आठवडे गेले तरी चालतील.

धागाकर्ती (मार्चअखेर)

उशिरा लिहितेय, कारण लिहिण्यासारखं काही नव्हतं. नऊच्या नऊ देठं फेब्रुवारीत गेली. नुसती काठी. एकूण चार वेळा पाणी घातलं असेल, दर वेळी हात शिवशिवायचे. परवा बुंध्यापासून वीतभर वर दोन कोंब दिसले, तांदळाएवढे. आज चार आहेत. एकावर पुन्हा एक खवला सापडला, पुसला. रात्री ५० फॅरनहाइटच्या वर स्थिरावल्याशिवाय बाहेर काढणार नाही.

आईला फोटो पाठवला. "आला ना ताकाने?" म्हणाली. मी हो म्हटलं.