सालदार मामा फोनवर काय म्हणतात, कुणी सांगेल का?

नवी_वावरवाली
नमस्कार मंडळी. राहते नागपुरात, माहेर ठाण्याचं. सासरे गेल्यापासून काटोलकडचं वावर आमच्याकडे आलंय. नवरा बदलीच्या गावी, म्हणून सालदार मामांचे, म्हणजे शेतावर वर्षभराला ठेवलेल्या गड्याचे, फोन मला येतात. परवाचा फोन असा: "बाई, पाणी लय झालं. वापसा आला का डवरून घेतो. धुऱ्याकडून खांडण्या हायेत, सरकी टोबा लागन. सहा तासामागं एक तास तूर हाये, ते बरी निंगाली." मी आपली हो हो म्हणत राहिले. सहा तासांनी एक तास नेमकं काय करायचं असतं?
शिवाय संत्र्याची झाडं आहेत. आंबिया धरायचा का मृग, असं मामा विचारतात. आणि सातबाऱ्यावर 'पोटखराब' लिहिलंय, म्हणजे जमीन खराब आहे का?

संत्रेवाला_काटोल
ताई, घड्याळ बाजूला ठेवा. तास म्हणजे पेरणीची ओळ. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, सहा ओळी, मग तुरीची एक. धुरा म्हणजे बांध. खांडण्या म्हणजे जिथे बी उगवलंच नाही त्या मोकळ्या जागा, तिथे सरकी हाताने टोबायची. हे काम आठ-दहा दिवसांतच झालं पाहिजे, नाहीतर मागून आलेलं झाड बाकीच्यांच्या सावलीत खुरटते. म्हणजे मामा बियाण्याचे पैसे मागत आहेत, एवढं समजा!

वापसा म्हणजे औत घालण्याजोगी ओल. तो मात्र नीट समजून घ्या, आपल्या काळ्या जमिनीत सारं त्यावरच आहे. पाऊस थांबला की मूठभर माती घ्या, दाबून लाडू करा आणि कमरेएवढ्या उंचीवरून सोडा. फुटून मोकळा झाला तर वापसा. थापटीसारखा बसला, हाताला चिकटला, तर थांबा. ओल्यात औत घातलं की माती दबते, ढेकळं होतात, मुळाला हवा मिळत नाही. मजूर आले आहेत म्हणून काम काढू नका, आमच्याकडे दरवर्षी कोणीतरी काढतेच.

संत्र्याचं असं. झाडाला पाणी तोडून ताण द्यायचा, तो सोडला की फूल येते. डिसेंबरात ताण, जानेवारी-फेब्रुवारीत फूल, ऑक्टोबर ते डिसेंबर तोडा: हा आंबिया. मे महिन्याच्या उन्हात ताण, मृगाच्या पावसाने फूल, फेब्रुवारी-मार्चमध्ये तोडा: हा मृग. ताण हलक्या जमिनीत महिनाभर, भारीत त्याहून जास्त. पानं मलूल होऊन पिवळी पडू लागली की सोडायचा, पहिलं पाणी हलकंच. एका झाडावर दोन्ही बहार घेऊ नका, झाड खंगते. आत्ता मामांना एवढंच विचारा: झाडावर फूल आहे का लिंबाएवढी फळं? फळं असतील तर आंबिया धरलेलाच आहे.

फेरफार_नोंद
पोटखराब म्हणजे त्या गटातलं लागवडीला न येणारं क्षेत्र. 'अ' म्हणजे खडक, नाला, खाणी असला भाग. 'ब' म्हणजे रस्ता, स्मशान, पाणवठा अशा सार्वजनिक कामाला राखलेला. बाकीच्या जमिनीला त्याने काही होत नाही. क्षेत्र हे.आर. (हेक्टर-आर) मध्ये असते, 40 आर म्हणजे साधारण एक एकर. त्यापेक्षा वारसांची नावं चढली का ते आधी बघा.

पुण्याहून_परत
डवरणी म्हणजे कोळपणीच ना, पिकातलं तण काढायची? उगाच वेगळं नाव.

संत्रेवाला_काटोल
वेगळं काहून? तुमचं कोळपं तो आमचा डवरा, तुमचा कुळव तो आमचा वखर. वखर रिकाम्या वावरात, डवरा उभ्या पिकाच्या दोन तासांच्या मधात. बैलांच्या तोंडाला मुसकं बांधायचं, नाहीतर पऱ्हाटी चरत जातात. आणि ताई, शेवटच्या डवरणीला डवऱ्याला दोरी गुंडाळून फिरवायला सांगा. माती झाडाच्या बुडाशी लागते आणि मधात सरी पडते, पुढचं पाणी तिथेच मुरते. खर्च फक्त दोरीचा.

नवी_वावरवाली
दादा, खूप आभार. मामांना फुलाचं विचारलं, तर फळं आहेत म्हणाले, आणि हसले. दोरीचं सांगितलं तर म्हणाले, "बाई, मी दरसाल तसंच करतो." आता म्हणतात, सीतादईला यायचंच आहे. ते काय आणि कधी?

संत्रेवाला_काटोल
कापसाच्या पहिल्या वेचणीची पूजा. वावरात दहीभाताचा नैवेद्य, मग वेचणीला सुरुवात. दसरा-दिवाळीच्या मधात धरा, बोंडं कशी फुटतात त्यावर आहे. वेचणाऱ्या बाया किती येणार ते मामांना विचारूनच भात टाका.