मदत हवी आहे: आईचं घर आमच्या नावावर, पण प्रोबेटशिवाय

राहतं घर आईच्या एकटीच्या नावावर आहे, आम्ही तीन भावंडं. मृत्युपत्र केलं की प्रोबेट टळतं असं इतकी वर्षं समजत होतो, पण प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचं कोर्टाकडून शिक्कामोर्तब, ते तर मृत्युपत्राचंच होतं म्हणे! बक्षीसपत्रात आईचा तहहयात राहण्याचा हक्क लिहिता येतो. मात्र मालकी आत्ताच जाते, आणि उद्या आमच्यापैकी कुणाचं कर्ज थकलं तर घरावर टाच, ही धास्ती. एकालाच सहमालक केलं तर बाकीचे दोघे रुसणार. ट्रस्ट करण्याचा पर्यायही आहे, पण घर त्याच्या नावावर करायचं राहिलं तर तो नुसता कागद.

कुणी प्रत्यक्ष केलंय का यातलं? आईचा ताबा शेवटपर्यंत राहील असं काय निवडलंत? आणि कर किती बसला?