मदत हवी आहे: इंग्रजीतल्या ‘टर्न ऑफ’सारख्या दोन शब्दांच्या क्रियापदांत सर्वनाम मध्ये की शेवटी, ओळखायचं कसं?

‘टर्न ऑफ द लाइट’ आणि ‘टर्न द लाइट ऑफ’ दोन्ही बरोबर. पण ‘इट’ आलं की फक्त ‘टर्न इट ऑफ’. उलट ‘लुक आफ्टर इट’मध्ये ‘इट’ मध्ये घुसवता येत नाही, कारण ‘आफ्टर’ तिथे शब्दयोगी अव्यय आहे, तर आधीचं ‘ऑफ’ क्रियाविशेषण. कारण सांगून होतं, पण नवशिक्याने नवं क्रियापद दिसल्यावर ठरवायचं कसं? ‘रन अप द बिल’ (बिल वाढवत नेणं) आणि ‘रन अप द हिल’ (टेकडीवर धावत चढणं) दिसायला जुळी भावंडं. पहिल्याचं ‘रन इट अप’, दुसऱ्याचं ‘रन अप इट’. बोलताना क्रियाविशेषणावर जोर पडतो, शब्दयोगीवर सहसा नाही. लेखी वाक्यात ही खूण काय कामाची? अर्थ आधी माहीत नसतानाही चालेल अशी कसोटी कुणाकडे आहे का? पाठांतराच्या याद्या नकोत, त्या ढीगभर आहेत.