साधी राहणी, जाहिराती आणि गाणी: उपदेश न वाटता गटात कसं घ्यावं?

पाटीपेन्सिल (प्रश्न):
१३ ते १५ वयाची वीसेक मुलं-मुली, आठवड्याला एक तास, एकूण चार सत्रं. विषय असा: कमी वस्तूंत भागवणं, आणि जाहिराती-रील आपल्याला काय काय हवंसं करून सोडतात ते ओळखणं. हाताशी पेटी, ढोलकी, एक स्पीकर. 'हाव सोडा, साधे राहा' छापाची गाणी मुलं म्हणतात, पण लक्ष भलतीकडे. सुरुवात कुठून करू?

कानसेन:
पहिल्या सत्रात गाऊच नका, ऐका. बोलणं कमी आणि संगीत सलग अशी ३० सेकंदांची जाहिरात निवडा. आधी पडदा झाकून नुसता आवाज, मग आवाज बंद करून चित्र, मग तेच चित्र दुसऱ्या संगीतावर. दर वेळी एकाच प्रश्नाचं उत्तर लिहायला सांगा: ही वस्तू वापरणारा माणूस कसा असेल? चित्र तेच असून तिसऱ्या फेरीत उत्तर बदललं, की संगीत काय करत होतं ते सांगावं लागत नाही.

हमखास चूक म्हणजे तिसऱ्या फेरीला विनोदी किंवा भुताटकीचं संगीत लावणं. हशा पिकतो आणि विषय संपतो. लय मूळच्या जवळ ठेवा (मिनिटाला १०० ठोके असतील तर ९५ ते १०५), बदल फक्त भावात करा. आवाजाची पातळीही सारखी हवी. जे किंचित मोठं वाजतं ते कानाला जास्त चांगलं वाटतं आणि तुलना फसते.

मग जाहिरातीतली वाक्यं फळ्यावर घ्या. 'बॅटरी १० तास चालते' हे तपासता येतं. 'खास तुमच्यासाठी' हे नाही. न तपासता येणारं सगळं बहुधा सुरांवर सोपवलेलं असतं, कारण सुराला खोटं पाडता येत नाही.

तिसरी_मात्रा:
गाणं मुलांकडूनच लिहून घ्या, आणि एकच बंधन घाला: आज्ञार्थ वर्ज्य. 'घेऊ नका', 'सोडा', 'राहा' काहीही नाही. फक्त वस्तू आणि आकडे. 'खणात चार्जर पाच, लागतो त्यातला एक' ही ओळ उपदेशापेक्षा जास्त बोलते. ध्रुवपद मात्र प्रश्नार्थक ठेवा, दोन ओळींचं. तीन कडवी पुरेत. चौथ्यात हटकून तात्पर्य शिरतं.

चालीबाबत: या वयात मुलग्यांचे आवाज फुटत असतात, त्यामुळे ध्रुवपद सा ते प या पाच स्वरांतच बांधा. पांढरी सहाला (पेटीच्या सप्तकातली सहावी पांढरी पट्टी) सा धरून बघा, जमेना तर अर्धा स्वर खाली-वर. ज्यांचा आवाज पुरता उतरलाय ते खालच्या सप्तकात गातील. ताल आठ मात्रांचा साधा केरवा, लय मिनिटाला ९० ठोक्यांच्या आसपास. ढोलकी हाती आली की लय पळते, म्हणून पहिले दोन दिवस नुसत्या टाळ्यांवर.

उलटतपासणी:
वरचं सगळं ठीक, पण एक खोच आहे. साधेपणाचा आवाज हाच आता विकायचा माल आहे. गिटारचे चार सूर, शीळ, टाळ्या, मुलांचा कोरस: 'आम्ही साधे, प्रामाणिक' हे सांगायला जाहिराती नेमकं हेच वापरतात. १९७१ साली कोका-कोलाच्या जाहिरातीसाठी साऱ्या जगाने मिळून गावं अशा आशयाचं गाणं केलं गेलं. ते इतकं आवडलं की ब्रँडचं नाव गाळून स्वतंत्र गाणं म्हणून निघालं आणि ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. म्हणून चौथ्या सत्रात कानसेन यांची तीन फेऱ्यांची कसोटी मुलांच्या स्वतःच्या गाण्याला लावा: शब्द काढून नुसती चाल गुणगुणली, तर तिच्यावर काय काय विकता येईल?

पाटीपेन्सिल:
ही कसोटी नक्की घेते. घरी ऐकण्यासाठी काही देता येईल का?

कानसेन:
एकच काम. दहा गाण्यांची यादी स्वतः करायची, ऑटोप्ले बंद ठेवायचं, यादी संपली की थांबायचं. स्पॉटिफायवर ३० सेकंद वाजल्यावर ऐकणं मोजलं जातं. म्हणून प्रत्येक गाण्याचं पहिलं अर्धं मिनिट वेगळं ऐकून त्यात ऐकणाऱ्याला धरून ठेवायला काय योजलंय ते टिपायला सांगा. यादी दहाचीच ठेवा, वीसची केली तर अर्ध्यावर सोडतात.