नकोशा मेल्स कशा आवरता? अनुभव लिहा

उंबरठा: लॉटरी आणि नायजेरियन राजपुत्र हा माझा प्रश्न नाही. ते जीमेल परस्पर स्पॅममध्ये टाकतं आणि ३० दिवसांनी पुसूनही टाकतं. वैताग आहे तो चपलांच्या दुकानात बिल करताना दिलेल्या पत्त्यावर येणाऱ्या मेल्सचा. ड्राइव्ह, फोटो, मेल मिळून फुकटचे १५ जीबी, तेही भरत आलेत. तुम्ही काय करता?

खमंग_चकली: सर्चच्या चौकटीत उजव्या टोकाला रेघांचं चिन्ह असतं, ते दाबा. 'हॅज द वर्ड्स'मध्ये इंग्रजीत अनसबस्क्राइब लिहून फिल्टर करा: 'स्किप इनबॉक्स' आणि 'जाहिराती' असं लेबल. जाहिरातवाल्यांच्या बहुतेक मेल्समध्ये तळाशी तो शब्द असतोच. मी डिलीट लावत नाही, कारण म्युच्युअल फंडाच्या स्टेटमेंटच्या तळाशीही तोच शब्द असतो. 'डझन्ट हॅव'मध्ये स्टेटमेंट टाकलं की ती सुटतात.

पाटलीणबाई: तुमच्या मेल्स निदान तुमच्या तरी आहेत! जीमेल पत्त्यातली टिंबं मोजत नाही. मधे टिंब द्या, देऊ नका, पत्ता एकच. त्यामुळे माझ्या नावाच्या यच्चयावत पाटील मंडळींची टपाल माझ्याकडे. कुणाच्या मुलाची शाळेची फी थकलीय, कुणी न्यू जर्सीत जिम लावलीय, एकांनी तर मंगल कार्यालयाचं कोटेशन मागवलं होतं, जेवणाच्या ताटाच्या दरासकट. (बासुंदीचे वेगळे पैसे, हे मला पटलं नाही.) जाहिरात असेल तर बिनधास्त अनसबस्क्राइब. पण बिल किंवा फी असेल तर 'पत्ता चुकलाय' एवढं कळवते. नो-रिप्लायवरून आलेली असेल तर इलाज नाही, 'परकी टपाल' लेबलात ढकलते.

निवांत: ताई, बासुंदीबद्दल सहमत.

नवीन ठिकाणी पत्ता देताना नावापुढे अधिकचं चिन्ह आणि दुकानाचं नाव जोडा, अॅटच्या आधी. मेल तुमच्याकडेच येते आणि पत्ता कुणी पुढे विकला तेही कळतं. काही वेबसाइट ते चिन्ह घेतच नाहीत, हा त्रास आहे.

जुना_अॅडमिन: अनोळखी मेलच्या आतली अनसबस्क्राइबची लिंक दाबू नका, पत्ता जिवंत आहे हे त्यांना समजतं. सरळ 'रिपोर्ट स्पॅम' करा. ओळखीच्या दुकानासाठी वर, पाठवणाऱ्याच्या नावाशेजारी जीमेलचं स्वतःचं बटण असतं, ते वापरा. जीमेल खात्यांना दिवसाला ५,००० हून जास्त मेल्स पाठवणाऱ्यांना गूगलने २०२४ पासून एका क्लिकची सोय बंधनकारक केली आहे आणि विनंती दोन दिवसांत पाळायला सांगितलं आहे. बहुतेक मोठे पाळतात.

उंबरठा: चकली, तो फिल्टर फोनवर सापडत नाहीये.

खमंग_चकली: अॅपमध्ये नाही करता येत. कॉम्प्युटरवर ब्राउझरमधून एकदा करा, मग फोनवरही लागू होतो. आणि जुन्या मेल्सनाही लावायची चौकट शेवटी असते, तिच्यावर खूण करायला विसरू नका.