आर्सेनलचे कॉर्नर: टीका कितपत खरी, आणि मुरमाच्या मैदानावर ते जमतील का?

भुईकोट_गनर

लंडनच्या आर्सेनल क्लबचा गोल कॉर्नरवरून (मैदानाच्या कोपऱ्यातून मारलेल्या किकवरून) झाला की सोलापुरातल्या प्रत्येक ग्रुपवर एकच पालुपद सुरू होतं: यांना खेळून गोल करता येत नाही, कॉर्नर मिळाला तरच जमतं. मला हे अजिबात पटत नाही. आठवडाभर घोटून, प्रत्येकाने आपापलं काम चोख करून मारलेला गोल कमी दर्जाचा कसा काय?

जाणकारांकडून दोन गोष्टी हव्या आहेत. एक, ही टीका आकड्यांपुढे टिकते का? दोन, हे कॉर्नर नेमके चालतात कसे आणि सोळा वर्षांखालच्या मुलांना शिकवता येतील का? मैदान मुरमाचं, रुंदी ५२ मीटर. गोलपोस्ट मापाचे आहेत, जाळी नाही. डाव्या पायाचा एकच मुलगा, उंच मुलं दोन. सध्या सगळे गोलकीपरभोवती गर्दी करतात आणि चेंडू पहिल्याच डिफेंडरच्या डोक्यावर जातो.

हायबरी_ते_होटगी

आधी आकडे. २०२३-२४ च्या हंगामात आर्सेनलने प्रीमियर लीगमध्ये ९१ गोल केले, त्यातले १६ कॉर्नरवरून. लीगच्या विक्रमाशी बरोबरी करणारा आकडा आहे हा. पण ते १६ काढून टाकले तरी ७५ उरतात, मग ‘खेळून गोल करता येत नाही’ हे कुठून आलं? त्या वर्षी ८९ गुण मिळवूनही आपण दुसरे आलो, कारण मँचेस्टर सिटीने ९१ गुण केले.

टीका लागू पडायचीच असेल तर ती त्याच्या पुढच्या वर्षाला. २०२४-२५ मध्ये गोल ९१ वरून ६९ वर आले, १४ सामने बरोबरीत सुटले आणि ७४ गुणांवर गाडी थांबली. लिव्हरपूल ८४ वर होतं. कारणं मात्र कॉर्नरमध्ये शोधू नका. डिसेंबरात साकाच्या मांडीचा स्नायू गेला तो एप्रिलपर्यंत बाहेर. जानेवारीत स्ट्रायकर जेझुसचा गुडघा, फेब्रुवारीत दुसरा स्ट्रायकर हाव्हर्ट्झ जखमी. मिडफिल्डर मेरिनोला पुढे उभं करावं लागलं आणि लेस्टरविरुद्ध दोन्ही गोल त्यानेच केले. त्यात राइस आणि ट्रोसार्ड या दोघांना चेंडू उगाच लांब मारल्याबद्दल दुसरं पिवळं कार्ड मिळून बाहेर जावं लागलं. अशा वर्षात ४ डिसेंबर २०२४ ला मँचेस्टर युनायटेडविरुद्धचा २-० विजय दोन्ही गोल कॉर्नरवरून करून मिळाला. सप्टेंबरात टॉटनहॅमच्या मैदानावरचा १-० सुद्धा डिफेंडर गॅब्रिएलने कॉर्नरवरच मिळवून दिला. माझं स्पष्ट मत: हे कॉर्नर नसते तर ती टीम दुसरी राहिलीच नसती. खरी उणीव होती ती स्ट्रायकरची, आणि ती क्लबने वेळेवर भरली नाही.

इतिहासही बघा. २६ मे १९८९ ला अॅनफील्डवर लीग जिंकली तेव्हा पहिला गोल फ्री किकवर अॅलन स्मिथच्या डोक्याने झाला होता. १९९३ च्या एफए कप फायनलच्या रिप्लेत (बरोबरीनंतर पुन्हा खेळवलेल्या सामन्यात) जादा वेळ संपता संपता लिनिगनने कॉर्नरवर हेडर मारला. ‘आर्सेनल म्हणजे फक्त सुंदर पासिंग’ ही समजूत मॅनेजर वेंगरच्या काळातली. त्या काळात याच बाबतीत आपण दुबळे होतो: १ नोव्हेंबर २००८ ला स्टोकने आपल्याला २-१ ने हरवलं, दोन्ही गोल त्यांच्या डेलॅपच्या लांब थ्रो-इनवर. तेव्हा आपल्यातल्याच अनेकांनी त्याला फुटबॉल म्हणायचं नाकारलं होतं. ते चूक होतं असं मला आज वाटतं.

२०२१ मध्ये निकोलस जोव्हर सेट पीसचा (कॉर्नर, फ्री किक वगैरेंचा) प्रशिक्षक म्हणून आला. त्याआधी तो ब्रेंटफर्ड आणि सिटीकडे होता. बदल तिथून आहे. तांत्रिक भाग दुसऱ्या कुणी तरी सांगा.

फक्की_आणि_शिट्टी

मी सांगतो, पण आधी मापं घ्या. बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे.

आर्सेनलचं एमिरेट्सचं मैदान ६८ मीटर रुंद. गोल ७.३२ मीटर. म्हणजे कोपऱ्यातल्या झेंड्यापासून जवळचा खांब साधारण ३० मीटर, लांबचा ३८. तुमच्या ५२ मीटरच्या मैदानावर हेच आकडे २२ आणि ३० होतात. राइस जवळच्या खांबाला जेवढी किक मारतो, तेवढी तुमच्या मुलाने मारली तर ती लांबच्या खांबापाशी पडेल. टीव्हीवर बघून जोर लावू नका, तुमच्या मुलांना त्यापेक्षा कमी लागतो. सोळा वर्षांच्या पायाला २२-२६ मीटर सहज जमतं.

आता रचना. उजवीकडून डाव्या पायाचा साका, डावीकडून उजव्या पायाचा राइस. दोन्हीकडून चेंडू गोलकडे वळत येतो, त्याला इनस्विंग म्हणतो. फायदा असा की कुणाचाही निसटता स्पर्श झाला तरी चेंडू गोलच्याच दिशेने जातो, आणि कीपरला गर्दीतून पुढे यावं लागतं. बाकीचे पाच-सहा जण सुरुवातीला लांबच्या खांबापलीकडे घोळक्याने उभे असतात. किक होताना ते तिरपे छोट्या बॉक्सकडे (गोलसमोरच्या लहान चौकटीकडे) धावतात. जागेवर उभ्या असलेल्या डिफेंडरपेक्षा धावत येणारा जास्त उंच उडतो, एवढंच त्यातलं गणित. घोळक्यातले दोघे-तिघे चेंडूसाठी धावतच नाहीत. हेडर मारणाऱ्या गॅब्रिएलला धरणाऱ्या डिफेंडरच्या वाटेत आधीच जाऊन उभे राहतात. एक जण, बहुतेक वेळा बेन व्हाइट, कीपरजवळ.

तुमच्या टीमसाठी असा क्रम लावा.

पहिले दोन आठवडे फक्त किकर. जवळचा खांब आणि छोट्या बॉक्सची रेषा यांच्यामध्ये, खांबापासून दोन मीटर आत, फक्कीने २ बाय २ मीटरचा चौकोन आखा. जवळच्या खांबासमोर अडीच मीटर उंचीचा बांबू रोवा. तो तुमचा पहिला डिफेंडर. रोज २० किक. बांबूवरून जाऊन चौकोनात पडलेल्याच मोजायच्या. २० पैकी १२ होईपर्यंत बाकीच्या मुलांना बोलावू नका. तुमचा चेंडू पहिल्या डोक्यावर जातो त्याचं कारण बहुधा हेच: टेकवलेला पाय चेंडूच्या बरोबरीला ठेवून किकर अंग पुढे झुकवतो, म्हणून चेंडू उठत नाही. टेकवलेला पाय एक वीत मागे आणि बाजूला ठेवायला सांगा, फटका चेंडूच्या मध्याच्या खाली.

डाव्या पायाचा मुलगा उजवीकडून मारेल. डावीकडून उजव्या पायाचा कोणीही. एकाच मुलाने दोन्हीकडून मारू नये. मग एका बाजूचा चेंडू गोलपासून दूर वळतो आणि धावण्याचं सगळं गणित बदलतं.

तिसऱ्या आठवड्यात धावणारे, समोर कोणी नाही. चेंडू हवेत सव्वा ते दीड सेकंद असतो. घोळका आठ-नऊ मीटरवरून येतो, त्याला उभ्या जागेवरून दोन सेकंद लागतात. म्हणून पाय चेंडूला लागल्यावर निघालात तर उशीर झालाच. किकरने नेहमी चारच पावलं घ्यायची आणि मुलांनी त्याच्या दुसऱ्या पावलावर सुटायचं. हात वर करून इशारा देण्यापेक्षा पावलं मोजणं जास्त भरवशाचं, कारण समोरच्यांना ते कळत नाही.

दोन उंच मुलांपैकी एकच चेंडूवर जाईल, आणि तो सगळ्यांत शेवटी सुटेल. दुसरा त्याच्या पुढून जवळच्या खांबाकडे धावून डिफेंडरला ओढून नेईल. दोघेही चेंडूवर गेले तर एकमेकांवर आदळतात. शाळेच्या मॅचमध्ये हे सर्रास दिसतं.

हेडरचा सराव मोजकाच. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने २०२१ मध्ये सरावात आठवड्याला जोराचे जास्तीत जास्त १० हेडर अशी मर्यादा सुचवली, आणि ती मोठ्या खेळाडूंसाठी आहे. मुलांना पाच मीटरवरून हाताने टाकलेल्या चेंडूवर हेडर शिकवा. धावण्याचा सराव करताना चेंडू हाताने पकडू द्या. वेळ जुळली की नाही ते तेवढ्यावर कळतं.

मुरमाचं म्हणाल तर उडी मारताना टेकवलेला पाय सरकतो, ही तुमची सर्वांत मोठी अडचण. आदल्या संध्याकाळी गोलसमोरच्या सहा मीटरच्या पट्ट्यात सुटे खडे झाडून काढा, पाणी मारा, रोलर फिरवा. लांब स्टडचे बूट कडक मुरमात रुतत नाहीत, आखूड रबरी स्टडचे घ्या. गड्डा यात्रेनंतर होम मैदानावर सराव असेल तर बुजवलेले खड्डे पायाने दाबून बघितल्याशिवाय कुणाला धावायला लावू नका.

भुईकोट_गनर

पावलं मोजायचं लगेच सुरू करतो. एक शंका: कीपरजवळ मुलगा उभा केला की इथले रेफ्री लगेच फाउल देतात. मग बेन व्हाइटला का देत नाहीत?

सातरस्ता_रेफ

नियम १२ नीट वाचला तर उत्तर त्यात आहे. प्रत्येक खेळाडूला आपल्या जागेवर उभं राहण्याचा हक्क आहे. चेंडू आवाक्यात नसताना दुसऱ्याच्या वाटेत सरकून त्याला अडवलंत तर अप्रत्यक्ष फ्री किक. धक्का लागला तर थेट फ्री किक. व्हाइट कीपर यायच्या आधीच जागा घेतो आणि हात खाली ठेवतो. शाळेतली मुलं कीपरकडे पाठ करून मागे रेटतात किंवा त्याचा शर्ट धरतात. ते फाउलच आहे आणि शिट्टी वाजवणारा बरोबर आहे. प्रीमियर लीगमध्येही यातलं बरंच सुटतं, जे सुटायला नको असं माझं मत. तुमच्या मुलाला सांगा: कीपरच्या एक पाऊल पुढे, तोंड चेंडूकडे, हात अंगालगत, आणि चेंडू हवेत गेल्यावर मागे सरकायचं नाही.

दुसरी चूक ऑफसाइडची. कॉर्नरवरून थेट आलेल्या चेंडूवर ऑफसाइड नसतो, इथवर सगळ्यांना माहीत असतं. पण छोटा कॉर्नर घेतला, म्हणजे चेंडू जवळच्या साथीदाराकडे ढकलला, त्या जवळच्याने चेंडू किकरला परत दिला, आणि किकर अजून गोलरेषेजवळच असला, तर तो बहुतेक वेळा ऑफसाइड. तसंच पहिला हेडर झाल्यावर कीपरच्या तोंडासमोर उभा असलेला तुमचा मुलगा ऑफसाइड जागेत असतो. त्याने कीपरची नजर अडवली तर गोल रद्द होतो. चेंडू डोक्याला लागला की त्याने लगेच गोलरेषेपासून दूर, बाहेरच्या बाजूला निघायचं.

झेंडा काढायचा किंवा वाकवायचा नाही, आणि समोरचे ९.१५ मीटर लांब हवेत. मुलांना दहा मोठी पावलं मोजायला शिकवा.

लाल_किनारा

मी लिव्हरपूलवाला, तरी कॉर्नरवरच्या गोलाला मी कमी लेखत नाही. माझा आक्षेप वेळेवर आहे. चेंडू पुसायचा, ठेवायचा, परत उचलायचा, तोवर आत कुस्ती चालू. लीगमधल्या बाकीच्या टीमनीही हेच उचललंय, लांब थ्रो-इनसुद्धा. आर्सेनलच्या हुशारीचा मान राखूनही म्हणतो, रेफ्रींनी किकच्या आधीच आतल्या धराधरीवर कार्ड काढायला सुरुवात करावी. मग ज्यांचे कॉर्नर खरंच चांगले आहेत त्यांचेच चालतील, आणि त्यात तुम्ही असालच.

एक गोष्ट राहिली. १ जुलै २०२५ पासून कीपरने चेंडू हातात ८ सेकंदांपेक्षा जास्त ठेवला तर समोरच्या टीमला कॉर्नर मिळतो. तुमच्या स्पर्धेत हा नियम लावणार का, ते आयोजकांना आधी विचारा. लावणार असतील तर तुमच्या कीपरला मनात सहापर्यंत मोजून चेंडू सोडायची सवय लावा.

आणि हवा तपासा. सोलापूरच्या उन्हाळ्यात सकाळी २५ अंशांत ९ पीएसआय भरलेला चेंडू दुपारी ४२ अंशांत सव्वादहाच्या आसपास जातो. कडक झालेला चेंडू कमी वळतो आणि डोक्याला जास्त लागतो. मॅचच्या अर्धा तास आधी सावलीत ठेवून पुन्हा मोजा. नियमात ८.५ ते १५.६ चालतं, मुलांसाठी खालच्या बाजूला ठेवलेलं बरं. जून-जुलैत पश्चिमेचा वारा सलग असतो. तो किकरच्या पाठीमागून येत असेल तर लक्ष्य दोन मीटर अलीकडे घ्या, नाहीतर चेंडू सगळ्यांच्या डोक्यावरून पलीकडे जातो.

फक्की_आणि_शिट्टी

हवेचा मुद्दा चांगला. मी एक गोष्ट लिहायची विसरलो, आणि शाळेच्या टीम त्यावरच गोल खातात: मागे कोण राहतं?

आर्सेनलचा कॉर्नर बघताना चेंडूकडे न बघता पेनल्टी बॉक्सच्या बाहेर बघा. बॉक्सच्या कडेला एक जण बाहेर आलेला चेंडू उचलायला असतो आणि मधल्या रेषेकडे दोघे. तुमच्याकडे हिशोब असा: किकर १, कीपरजवळ १, चेंडूवर जाणारा १, डिफेंडर ओढणारा १, वाट अडवणारे २, बॉक्सच्या कडेला १, लांबच्या खांबाला निसटलेला चेंडू आत घालायला १, मागे २. तुमचा कीपर धरून अकरा झाले. मागचे दोघे सर्वांत वेगवान हवेत, सर्वांत उंच नव्हेत. समोरच्या टीमने पुढे दोन जण ठेवले तर निसटलेल्या चेंडूवरचा मुलगाही मागे बोलवा. दोनास तीन हे प्रमाण मोडू नका.

बॉक्सच्या कडेच्या मुलाला एकच नियम द्या. चेंडू उसळत आला तर पहिल्या फटक्यात गोलवर मारायचा, थांबवायचा नाही. मुरमावर चेंडू वेडावाकडा उसळतो, थांबवायला गेला की पायाखालून निसटतो आणि समोरचा तो घेऊन पळतो. मारण्याजोगा नसेल तर सरळ बाजूच्या रेषेबाहेर काढायचा. तेवढ्या वेळात आत गेलेले सगळे परत येतात.