रोजचे पन्नास-साठ रुपये वाचवून कार्डाचं ८४ हजारांचं कर्ज फिटतं का?

लॅबवाली_कुपवाड
९ जून, रात्री १०:४०

नमस्कार. मी मिरजेत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्ताचे नमुने घ्यायचं काम करते. राहायला कुपवाडला. पगार १४,५००. मिस्टर एमआयडीसीत लेथवर आहेत, त्यांना १९,००० मिळतात. ओव्हरटाइम होता तेव्हा चोवीस-पंचवीस व्हायचे. घरात सासूबाई आणि तिसरीतला मुलगा.

दोन वर्षांपूर्वी नणंदेचं लग्न झालं. पतसंस्थेतून कर्ज काढलं, त्याचा हप्ता २,९०० आहे आणि तो कधी चुकला नाही. भाऊजींकडून १५,००० हातउसने घेतले. उरलेलं सगळं क्रेडिट कार्डावर गेलं. पुढे ओव्हरटाइम बंद झाला आणि तेव्हापासून, म्हणजे १४ महिने, मी कार्डाच्या बिलावर जी 'किमान रक्कम' छापलेली असते तेवढीच भरते आहे. एकदाही तारीख चुकवली नाही. मला वाटत होतं, आपण फेडतोय.

काल रात्री सगळी बिलं काढून बसले. १४ महिन्यांत भरलेले पैसे जवळपास साठ हजार. कार्डावर ९१,००० होते, आज ८४,००० आहेत. मध्ये तीन-चार हजारांचा किराणा कार्डावर घेतला होता, तो धरला तरी हिशेब लागेना. तीनदा बेरीज केली. मिस्टर रात्रपाळीला होते, त्यांना अजून दाखवलेलं नाही.

आता एक वही केली आहे. वडापला (शेअर जीपला) जाऊन-येऊन ४०, लॅबखालच्या गाड्यावर चहा-वडा ३०, असं रोजचं लिहिते. लॅबमधली एक मैत्रीण कुपवाडवरूनच स्कूटीवर येते. तिला निम्मं पेट्रोल देऊन तिच्याबरोबर जायचं आणि डबा थोडा जास्त न्यायचा, एवढं केलं तरी पन्नास-साठ वाचतील. पण ८४ हजारांपुढे पन्नास रुपये कुठे पुरणार? वाचलेले पैसे डब्यात ठेवू, पिग्मीत (रोज थोडे थोडे भरायच्या ठेवीत) टाकू की कार्डात भरू? आणि आधी कुणाचं फेडू? मनातून मला भाऊजींचं आधी द्यावंसं वाटतं. सणावाराला घरी येतात आणि पैशाचं नावही काढत नाहीत. तेच जास्त लागतं.

मुलाचं दूध आणि शाळेची रिक्षा यांना हात लावणार नाही, हे आधीच सांगते.

निवृत्त_कॅशियर
१० जून, सकाळी ७:१५

ताई, तुमची बेरीज बरोबर आहे. बिलाच्या मागच्या पानावर व्याजाचा दर असतो तो बघा. महिना साडेतीन टक्के असेल, तर ८४,००० वर व्याज २,९४०. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५२९. झाले ३,४६९. किमान रक्कम पाच टक्के धरली तर ४,२००. म्हणजे तुमच्या ४,२०० मधले ७३१ रुपयेच मुद्दलात जातात. मुद्दल उतरलं की किमान रक्कमही उतरते, त्यामुळे वेग वाढत नाही. असंच चाललं आणि एका रुपयाचीही नवी खरेदी केली नाही, तरी दोन वर्षांनी सुमारे ६८ हजार शिल्लक असतील. मी काउंटरवर बसून ही बिलं पाहिलेली आहेत. माणूस वेळेवर भरत असतो, म्हणून त्याला कुणी काही सांगत नाही. याचं मला फार वाईट वाटायचं.

आता दोन कामं करा. पहिलं, आजपासून कार्ड घरात कुलपात ठेवा. मागची बाकी असताना नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. किराणा कार्डावर घेणं तर अजिबात नको.

दुसरं, बँकेला फोन करून सगळी बाकी मासिक हप्त्यांत बदलून मागा. तुम्ही तारखा चुकवलेल्या नाहीत, त्यामुळे मिळायला हरकत नसावी. समजा १६ टक्के दराने २४ महिन्यांना दिलं, तर हप्ता ४,११३ येतो, वर व्याजावरचा जीएसटी. आज भरता जवळजवळ तेवढेच पैसे, पण दोन वर्षांनी बाकी शून्य. प्रोसेसिंग फी किती, मुदतीआधी फेडलं तर दंड किती, हे लेखी विचारून घ्या. सोनं असेल तर सोनेतारण याहूनही स्वस्त पडतं, पण मुदत पाळता आली नाही तर दागिना लिलावात जातो. तो निर्णय घरात बसून घ्या.

हप्त्यात बदलून होईपर्यंत वाचलेले पैसे डब्यात ठेवू नका. कार्डाचं व्याज रोजच्या बाकीवर मोजतात, त्यामुळे तीनशे रुपये आज भरले तर आजपासून तीनशेंवरचं व्याज थांबतं. मात्र बिल निघाल्यानंतर किमान रक्कम वेगळी भरावीच लागते. आधी भरलेले पैसे त्यात धरतीलच असं नाही.

बेदाणा_तासगाव
१० जून, दुपारी २:०५

काकांनी हिशेब सांगितलाय, मी वहीचं सांगते. आमच्या बचत गटात बारा जणी आहोत. महिन्याला प्रत्येकी २०० आणि अंतर्गत कर्ज शेकडा दोन रुपयाने. मी बेदाणा निवडायला जाते. माझ्यावर सावकाराचे ३०,००० होते, ते गटाच्या कर्जातून फेडले आणि मग गटाचे फेडायला दीड वर्ष लागलं. पैसे दोनशेच होते, पण दर महिन्याला बाराजणींसमोर वही उघडावी लागायची. पावसाळ्यात काम नव्हतं तेव्हा मी हप्ता न घेताच बैठकीला गेले, तर अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "पैसे नसले तरी यायचं. यायचं बंद केलंस की कर्ज वाढतं." त्या दिवशी एकीने माझे दोनशे भरले. पुढच्या वर्षी तिचे मी भरले.

एकटीने लिहिलेली वही तिसऱ्या आठवड्यात बंद पडते, हे मी स्वतः दोनदा केलंय. तुम्ही दर रविवारी इथे एक ओळ लिहा. किती वाचले, कुठे भरले. मी पण लिहीन, मला मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी १२,००० जमवायचेत.

आणि मिस्टरांना आज दाखवा. रविवारची वाट बघू नका.

चाकण_सेकंड_शिफ्ट
११ जून, रात्री १२:३०

मला पण घ्या ताई. माझी तीन ॲपवरची कर्जं आहेत, मिळून ३८,०००. एक फेडायला दुसरं घेतलं, ते फेडायला तिसरं. वसुलीवाले रात्री साडेनऊला फोन करतात, म्हणून मी फोन बंद ठेवतो आणि त्यामुळे गावाकडचे आईचे फोनही चुकतात. रूमवर कुणाला माहीत नाही. इथे पहिल्यांदा लिहितोय.

निवृत्त_कॅशियर
११ जून, सकाळी ६:५०

बाळा, वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही, तसा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. फोनची वेळ टिपून ठेव, स्क्रीनचा फोटो काढ आणि ज्या कंपनीचं कर्ज आहे तिच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल कर. तीस दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, फी नाही. चौथं ॲप उघडू नकोस. तिघांत सगळ्यात जास्त व्याज कुणाचं ते आधी फेड, बाकी दोघांचे हप्ते चालू ठेव. कमी रकमेत मिटवतो म्हणाले तर लगेच हो म्हणू नकोस, तुझ्या क्रेडिट अहवालात 'सेटल्ड' असा शेरा पडतो आणि पुढे घरासाठी कर्ज मागायला गेलास की तो आडवा येतो. पूर्ण फेडलंस की 'बाकी नाही' असं पत्र मागून घे. आणि आईला फोन कर.

लॅबवाली_कुपवाड
१६ जून, रविवार

मिस्टरांना दाखवलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग वही ओढून घेतली आणि माझ्या चहा-वड्याच्या खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं: तंबाखूचा मावा, रोज २०. मी त्यांना कधी त्यावरून बोलले नव्हते.

आठवडा पहिला: ३१०. त्याच दिवशी कार्डात भरले.

बेदाणा_तासगाव
१६ जून, रविवार

२४०, डब्यात. अक्षर तुमच्या दोघांचं एका पानावर आलं, हे फार चांगलं झालं.

चाकण_सेकंड_शिफ्ट
१६ जून, रविवार

शून्य. पण चौथं ॲप उघडलं नाही. आईला फोन केला.

लॅबवाली_कुपवाड
३० जून, रविवार

बँकेने बाकी हप्त्यात बदलून दिली. १६ नाही, १८ टक्के मिळाला. २४ महिने, हप्ता ४,१९४. पहिल्या महिन्यात जीएसटी धरून ४,४२१. म्हणजे आधीपेक्षा २२१ रुपये जास्त, ते वडा आणि मावा यांतूनच निघतात.

दुसरी गोष्ट मला आधीच सुचायला हवी होती. सासूबाईंच्या बीपी-शुगरच्या गोळ्या महिन्याला १,६०० च्या. डॉक्टरांना पाकीट दाखवून विचारलं, ते म्हणाले, घटक आणि मिलिग्रॅम तेच असेल तर जनऔषधी केंद्रातून घ्या. ६२० मध्ये झाल्या. महिन्याला ९८० वाचले, पन्नास-पन्नास करत जमवायला वीस दिवस लागले असते. मी रोज लॅबमध्ये शेकडो लोकांची शुगर बघते आणि ही गोष्ट घरात करायला मला दोन वर्षं लागली. ज्यांच्या घरी कायमच्या गोळ्या आहेत त्यांनी चहा-वड्याच्या आधी हे विचारावं.

काका, आता कार्डात जादा भरलं तर दंड आहे. वाचलेले कुठे टाकू?

निवृत्त_कॅशियर
१ जुलै, सकाळी ७:००

आधी ५,००० बचत खात्यात जमू द्या. मूल आजारी पडलं, गाडी बंद पडली, की हात कार्डाकडे जायला नको. त्यानंतर हिशेबाने पतसंस्थेचं आधी फेडायला हवं, कारण भाऊजींच्या पैशाला व्याज नाही. पण तुम्ही पहिल्याच दिवशी काय लिहिलं होतंत ते मी वाचलंय. भाऊजींचं द्या.

चाकण_सेकंड_शिफ्ट
२५ ऑगस्ट, रविवार

एक ॲप संपलं. ९,०००. पत्र मिळालं, काका. शनिवारी जादा शिफ्ट केल्या आणि मेसचा रविवारचा डबा बंद करून रूमवर भात लावला. रूममेटला सांगितलं, तर त्याचंही एक निघालं. आता आम्ही दोघं एका वहीत लिहितो.

लॅबवाली_कुपवाड
१० नोव्हेंबर, रविवार

मधले चार रविवार मी आले नाही. सासूबाई पडल्या, हाताला प्लॅस्टर होतं. पहिल्या रविवारी बेदाणाताईंनी इथे विचारलं, "वही कुठंय?" आणि दुसऱ्या रविवारी त्यांनी माझ्या नावापुढे शून्य लिहून ठेवलं. ते शून्य बघून मला रडू आलं. प्लॅस्टर आणि एक्स-रेचा खर्च त्या ५,००० मधून झाला. कार्ड कुलपातून बाहेर काढलं नाही.

आज पाचवा हप्ता गेला. मुद्दल ६८,८८५. काकांनी जून महिन्यात जो आकडा दोन वर्षांनी येईल म्हटलं होतं, जवळजवळ तोच. मिस्टरांनी तो वहीत लाल पेनाने लिहिला.

दिवाळीचा बोनस ९,००० आला. ३,००० सणाला, ६,००० भाऊजींना. आधीचे थोडे थोडे करून ६,५०० दिलेच होते. भाऊबीजेला ते नणंदेकडे भेटले, पाकीट हातात दिलं तर म्हणाले, "वहिनी, घाई काय होती?" मी म्हटलं, अजून अडीच हजार राहिलेत. ते हसले आणि पाकीट खिशात ठेवलं. परत करायला बघितलं नाही, याचं मला बरं वाटलं.

हा आठवडा: ३८०. बेदाणाताई, तुमचे किती झाले?

बेदाणा_तासगाव
१० नोव्हेंबर, रविवार

९,१५०. हातापायाला जपा. पुढच्या रविवारी या.